पेटंटचे संदर्भ कसे मोजावेत : ठिबकच्या ड्रिपरचे उदाहरण

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत ठिबक सिंचन, केळीच्या खोडाचा धागा किंवा कापूस वेचणी अशा विषयांवर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना एखाद्या जुन्या पेटंटचे महत्त्व दाखवायचे असते, तेव्हा नंतरच्या किती पेटंटांनी त्याचा संदर्भ घेतला, हा आकडा अहवालात दिला जातो. तो मोफत मिळतो. पण संकेतस्थळावर दिसला तसाच उतरवून घेतला, तर बहुधा फुगलेला असतो. म्हणून काय मोजले, कोणत्या संग्रहात मोजले आणि कोणत्या तारखेला मोजले, हे सांगितल्याशिवाय असा आकडा अहवालात घालू नये, असे माझे ठाम मत आहे.

संदर्भ दोन दिशांचे असतात. पेटंटने स्वतः नमूद केलेली आधीची कागदपत्रे हे मागचे संदर्भ, आणि नंतरच्या पेटंटांनी त्याची घेतलेली दखल हे पुढचे संदर्भ. महत्त्व मोजताना पुढचेच संदर्भ लागतात.

उदाहरणासाठी ठिबक सिंचनाचे प्रवर्तक सिम्खा ब्लास यांचे नाव असलेले, १९६९ साली मंजूर झालेले ड्रिपरचे अमेरिकन पेटंट क्रमांक ३४२००६४ घ्या. गूगल पेटंट्सच्या शोधखिडकीत हा क्रमांक इंग्रजी अंकांत टाकून त्याआधी देशाची यूएस ही रोमन अक्षरे आणि शेवटी ए हे अक्षर जोडावे. शेवटच्या अक्षराकडे दुर्लक्ष करू नये, कारण अलीकडच्या अमेरिकन कागदपत्रांत ए१ म्हणजे नुसता प्रकाशित झालेला अर्ज, तर बी१ किंवा बी२ म्हणजे मंजूर पेटंट. एकाच शोधाच्या या दोन कागदांचे संदर्भ वेगवेगळे नोंदलेले असू शकतात. पान उघडल्यावर खाली ‘साइटेड बाय’ हा तक्ता येतो. त्यात प्रत्येक पेटंटचा क्रमांक, प्राधान्य तारीख (शोधाचा पहिला अर्ज दाखल झाल्याची), प्रकाशन तारीख, धारकाचे नाव आणि शीर्षक असते.

खरे काम या तक्त्यापासून सुरू होते. एकाच शोधासाठी अमेरिका, युरोप आणि चीनमध्ये स्वतंत्र अर्ज होतात, आणि अमेरिकेतला अर्ज आधी प्रकाशित होऊन मग मंजूर झाला की त्याचेही दोन कागद होतात. त्यामुळे यादीतल्या चार ओळी प्रत्यक्षात एकच शोध असू शकतात. अशा कागदांच्या समूहाला पेटंट कुटुंब म्हणतात आणि मोजणी कुटुंबाची करावी. द लेन्स या मोफत संग्रहात निकाल ‘सिंपल फॅमिली’नुसार एकत्र करण्याची सोय आहे आणि यादी तक्त्याच्या फाइलमध्ये उतरवूनही घेता येते. त्यानंतर धारकाचा रकाना पाहावा : एखादी कंपनी स्वतःच्याच जुन्या पेटंटचा संदर्भ देत असेल, तर तो स्वसंदर्भ वेगळा काढावा. समजा यादीत ४० ओळी आहेत, त्यांतल्या १२ पुनरावृत्तीच्या निघाल्या, तर २८ कुटुंबे उरतात. त्यांतली ६ मूळ धारकाचीच असतील, तर बाहेरच्यांनी घेतलेले संदर्भ २२. अहवालात ४०, २८ आणि २२ हे तिन्ही आकडे द्यावेत, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतः तपासता येते.

संदर्भ कोणी दिला, हेही पाहण्यासारखे आहे. गूगलच्या तक्त्यात क्रमांकापुढे तारांकन असले, तर तो संदर्भ अर्ज तपासणाऱ्या पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाने दिलेला असतो. परीक्षक पूर्वज्ञान, म्हणजे त्या विषयात आधीच जाहीर झालेली माहिती, शोधत असतो, तर अर्जदार पुष्कळदा सावधगिरी म्हणून लांबलचक यादी जोडतो. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या शोध अहवालात तर प्रत्येक कागदापुढे एक्स, वाय किंवा ए असे अक्षर असते : एक्स म्हणजे तो एकटाच नव्या दाव्याच्या नावीन्याला किंवा कल्पकतेला बाधक, वाय म्हणजे दुसऱ्या कागदाबरोबर जोडून बाधक, आणि ए म्हणजे केवळ पार्श्वभूमी. एक्स दर्जाचे चार संदर्भ मला ए दर्जाच्या वीस संदर्भांहून अधिक बोलके वाटतात. ताळा करण्यासाठी त्याच कार्यालयाच्या एस्पेसनेट या पेटंट संग्रहात ‘सायटिंग डॉक्युमेंट्स’ हा भाग उघडावा. तिथला आकडा गूगलपेक्षा वेगळा आला, तर गोंधळू नये, कारण प्रत्येक संग्रहाची व्याप्ती निराळी असते.

तुलना करताना वर्ष आणि विषय जुळवून घ्यावेत. अर्ज साधारणपणे प्राधान्य तारखेनंतर १८ महिन्यांनी प्रकाशित होतात, त्यामुळे अलीकडच्या वर्षांचे संदर्भ नेहमीच अपुरे दिसतात. ठिबकच्या पेटंटची तुलना पेटंटांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातल्या ए०१जी २५/०२ याच वर्गातल्या, त्याच सुमारास मंजूर झालेल्या पेटंटांशी करावी, औषधाच्या पेटंटशी नव्हे. फार जुन्या अमेरिकन पेटंटांसाठी हेही ध्यानात ठेवावे, की तिथे संदर्भांची यादी पेटंटवर छापण्याची पद्धत १९४७ पासूनची आहे.

भारतीय पेटंटांसाठी वेगळी वाट आहे. इनपास या सरकारी शोधसेवेत अर्जाची कागदपत्रे उघडून पहिला परीक्षण अहवाल वाचावा. परीक्षकाने पुढे ठेवलेली जुनी कागदपत्रे त्यात डी१, डी२ अशा नावांनी येतात. ती एकेक करून टिपावी लागतात, आणि त्याला वेळ लागतो.