रिमोट ऑब्झर्वेटरी: ढग आले, लाइट गेली, पीसी हँग झाला, तरी छप्पर बंद झालंच पाहिजे, ते कसं करायचं

रिमोट सेटअप, म्हणजे लांब बसून चालवायची आकाशाचे फोटो काढणारी दुर्बीण (स्कोप), उभा करताना सगळे आधी ऑटोफोकस, प्लेट सॉल्व्हिंग (फोटोतल्या ताऱ्यांवरून स्कोप नेमका कुठे बघतोय ते ओळखणं), मेरिडियन फ्लिप (तारा डोक्यावरून पलीकडे गेला की स्कोप उलट बाजूला फिरवणं) यांच्या मागे लागतात आणि ते सगळं मस्त चालायला लागलं की मग आठवतं, अरे पाऊस आला तर? माझं म्हणणं उलटं करा. आधी छप्पर कोणीही न सांगता आपलं आपण बंद होतंय का ते पक्कं करा, फोटो नंतर होतीलच. मी इथे सरकणारं छप्पर, म्हणजे रोल-ऑफ रूफ धरून लिहितोय, डोम असेल तरी बरंचसं लागू पडेल (डोमवाल्यांना एक सुख आहे, स्कोप कुठेही बघत असला तरी शटर लावता येतं).

सगळ्याच्या मुळाशी एकच नियम. छप्पर बंद व्हायला कोणाची परवानगी लागता कामा नये, उघडं राहायला मात्र लागली पाहिजे, आणि ती सारखी सारखी लागली पाहिजे. सेन्सर गप्प झाला, पीसी गप्प झाला, वीज गेली, केबल उंदराने खाल्ली, उत्तर एकच, बंद. बहुतेक सेटअप नेमके उलटे असतात, पीसीवरचं सॉफ्टवेअर सेन्सर वाचणार, तेच ठरवणार, तेच यूएसबीवरून रिलेला (विजेने चालणाऱ्या स्विचला) सांगणार, आणि यातली एक कडी तुटली की छप्पर आहे तसंच राहणार.

काय काय मोजायचं

क्लाउड सेन्सर म्हणजे वर तोंड करून बसवलेला इन्फ्रारेड थर्मामीटर, बऱ्याच घरगुती प्रोजेक्टमध्ये एमएलएक्स ९०६१४ असतो. निरभ्र आकाश त्याला खूप थंड दिसतं, ढग आले की त्यांच्या उष्णतेमुळे आकडा वर चढतो. बघायचा असतो तो फरक, आकाशाचं तापमान वजा हवेचं तापमान. आता यात गंमत अशी की हवेत दमटपणा जास्त असला की स्वच्छ आकाशही त्याला गरम वाटतं, त्यामुळे दुसऱ्या कोणाचे आकडे उचलून टाकू नका, काही आठवडे नुसतं लॉगिंग करा, शेजारी ऑल-स्काय कॅमेरा ठेवा आणि दोन्ही जुळवून आपली मर्यादा ठरवा. पातळ सिरस ढग याला नीट दिसत नाहीत. न दिसू देत. सिरसने फ्रेम खराब होते, सामान भिजत नाही, आणि "फोटो वाईट येतायत" आणि "सामान धोक्यात आहे" हे दोन प्रश्न एकात घालायचेच नाहीत. पहिल्यासाठी ताऱ्यांची संख्या आणि गायडिंगचा आरएमएस (स्कोप ताऱ्यामागे जाताना किती चुकतोय तो आकडा) बघा, सेफ्टीच्या लॉजिकमध्ये ते आणू नका, नाहीतर रात्रभर छप्पर उघड-बंद होत बसेल.

पावसासाठी दोन तऱ्हेचे सेन्सर मिळतात. एक कपॅसिटिव्ह, पट्टीवर थेंब पडला की कळतं आणि खाली पट्टी वाळवायला हीटर असतो, आणि दुसरा ऑप्टिकल, हायड्रियॉनच्या आरजी-९ आणि आरजी-११ सारखा. शक्य असेल तर दोन्ही लावा आणि कुठलाही एक ओला म्हणाला की बंद.

आता जरा वायरिंगकडे बघू, कारण गोची इथे असते. आरजी-११ ला रिले असतो, त्यातला नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेला) कॉन्टॅक्ट वापरला की वायर तुटली तर सर्किट उघडतं आणि कंट्रोलरला "पाऊस" वाटतं, छान. पण सेन्सरचाच सप्लाय गेला तर? रिले निवांत पडून राहतो, कॉन्टॅक्ट जोडलेलाच राहतो, आणि मेलेला सेन्सर पावसात "सगळं कोरडं आहे" सांगत बसतो. उपाय सोपा आहे, त्या कॉन्टॅक्टमधून सेन्सरचेच १२ व्होल्ट फिरवून आणा, म्हणजे पॉवर गेली की सिग्नलही गेला. मधे ऑप्टोकप्लर (सिग्नल प्रकाशातून पलीकडे देणारा भाग) टाका, मायक्रोकंट्रोलरच्या पिनला थेट १२ व्होल्ट दिलेत तर पिन जळेल. हाच विचार प्रत्येक सेन्सरला लावा: हा मेला तर काय सांगेल?

वाऱ्याचा सरासरी वेग गायडिंगसाठी, छपरासाठी झोत बघायचा, आणि मर्यादा अशी ठेवा की मोटर त्या वाऱ्यात छप्पर आरामात ढकलू शकेल, उशीर केलात तर बंद करायची वेळ येईल तेव्हाच ते अडकेल. दवासाठी नुसती आर्द्रता बघू नका, हवेचं तापमान आणि दवबिंदू यांच्यात २ अंशांपेक्षा कमी अंतर राहिलं की बंद करा. आकाशातल्या विजेसाठी एएस३९३५ ही चिप आहे, ४० किमीपर्यंतचं वादळ ओळखते, पण मोटरच्या गोंगाटाने फसते, म्हणून जरा लांब बसवा. आणि सूर्य! सूर्य क्षितिजाखाली १० अंशांपेक्षा वर आला की अनसेफ, याला सेन्सरही लागत नाही, नुसतं गणित आहे, फक्त घड्याळ यूटीसीवर बरोबर चालतंय का ते तपासा.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे शिळा डेटा. बरीच सॉफ्टवेअर बोल्टवुड (एक क्लाउड सेन्सर) फॉरमॅटची एका ओळीची फाइल लिहितात आणि दुसरं सॉफ्टवेअर ती वाचतं. लिहिणारं हँग झालं की शेवटची ओळ तशीच राहते, "आकाश स्वच्छ", आणि वाचणारा तीच ओळ खुशाल रात्रभर वाचत राहतो. म्हणून रीडिंगचं वय तपासायचं. ॲसकॉमच्या (विंडोजवर खगोल उपकरणं आणि सॉफ्टवेअर जोडणारं स्टँडर्ड) ऑब्झर्व्हिंग कंडिशन्स इंटरफेसमध्ये शेवटच्या अपडेटला किती सेकंद झाले ते विचारता येतं, ते विचारा, दोन मिनिटांपेक्षा जुनं असेल तर अनसेफ.

अनसेफ व्हायला वेळ लावायचा नाही (ढगांना एखादं मिनिट दिलं तर चालेल), पण परत सेफ व्हायला सलग २० ते ३० मिनिटं सगळं ठीक असलं पाहिजे.

ठरवणार कोण

ॲसकॉमचा सेफ्टी मॉनिटर अगदी साधा आहे, सेफ आहे का, हो की नाही, एवढंच सांगतो. निनामध्ये (फोटो काढायचा सगळा क्रम, म्हणजे सीक्वेन्स, चालवणारं सॉफ्टवेअर) तो जोडला की "लूप व्हाइल सेफ" आणि "वेट अंटिल सेफ" मिळतात, शिवाय सीक्वेन्सर पॉवरअप्स प्लगिनमध्ये अनसेफ झाल्यावर काय काय करायचं ते वेगळं लिहिता येतं. लिनक्सवर इंडी आणि इकॉसवाल्यांना (ॲसकॉम आणि निनासारखीच तिथली सॉफ्टवेअर) वेदर ड्रायव्हर आहेत, आणि एक वॉचडॉग ड्रायव्हर पण आहे, क्लायंट (चालवणारं सॉफ्टवेअर) गायब झाला की माउंट (स्कोप फिरवणारं यंत्र) आणि डोम पार्क करणारा, म्हणजे ठरलेल्या जागी नेऊन थांबवणारा. हे सगळं जरूर वापरा, पण हे झालं सभ्य बंद करणं: एक्स्पोजर थांबव, गायडिंग थांबव, माउंट पार्क कर, पार्क झालं का बघ, छप्पर लाव, बंदचा स्विच लागला का बघ, मग थंड करून ठेवलेला कॅमेरा सावकाश गरम कर. कॅमेऱ्याचं वॉर्मअप शेवटीच ठेवा, काहींच्या सीक्वेन्समध्ये ते आधी असतं आणि दहा मिनिटं पावसात कॅमेऱ्याच्या सेन्सरचं तापमान वाढवण्यात जातात.

सभ्य मार्ग फसला तर दुसरा, उद्धट मार्ग पाहिजे, आणि तो पीसीवर नको. छपरापाशी एक छोटा कंट्रोलर, ईएसपी३२ किंवा आर्डुइनो चालेल, त्याला पावसाचा सेन्सर थेट वायरने जोडलेला, आणि पीसीने त्याला दर १० सेकंदांनी "मी जिवंत आहे" सांगायचं. ६० सेकंद आवाज आला नाही की तो स्वतःच बंद करायला घेणार. एक गोष्ट नीट करा, हा हार्टबीट वेगळ्या स्क्रिप्टने पाठवू नका, नाहीतर निना गोठलेलं असेल आणि स्क्रिप्ट मजेत टिकटिक करत राहील. सीक्वेन्स खरंच पुढे सरकतोय यावरूनच तो निघाला पाहिजे. कंट्रोलरचा स्वतःचा हार्डवेअर वॉचडॉगही (तो हँग झाला तर रीस्टार्ट करणारा) चालू ठेवा.

मग येतो तो जुना पेच, पाऊस आलाय आणि स्कोप पार्क नाहीये, छप्पर लावलं तर स्कोपला धडकणार. माझ्या मते हा प्रश्न कोडने सोडवायचाच नाही, बांधतानाच सोडवायचा: पिअर (स्कोपखालचा खांब) बुटका किंवा भिंती उंच ठेवा, म्हणजे स्कोप कसाही असला तरी छप्पर वरून जातं. आकाशाच्या कडेचा थोडा भाग जातो, जाऊ दे, तिथे तसंही वातावरण जाड असतं. ते जमत नसेल तर माउंट "मी पार्क आहे" म्हणतोय यावर विसंबू नका, क्लच घसरला असेल तर तो खोटं बोलेल आणि त्याला ते कळणारही नाही. दोन्ही अक्षांवर चुंबक आणि रीड स्विच (चुंबक जवळ आला की लागणारा) लावा, शिवाय छपराच्या वाटेत एक आडवा इन्फ्रारेड बीम ठेवा, तो शिडीपासून लोंबत्या केबलपर्यंत सगळं पकडतो. आणि बंद करताना माउंटची पॉवर तोडा, कारण बंद छपराखाली ट्रॅकिंग करत राहिलेला माउंट सकाळपर्यंत स्वतःला पिअरवर आपटून घेऊ शकतो.

मोटरबद्दल. गेटच्या मोटरी सर्रास वापरल्या जातात, पण एकाच बटणावर उघड, थांब, बंद अशी चालणारी घेऊ नका. कंट्रोलरचा समज चुकला तर "बंद कर" म्हणून दिलेला पल्स भर पावसात छप्पर उघडेल. उघडायचा आणि लावायचा इनपुट वेगळा असलाच पाहिजे. दोन्ही टोकांना लिमिट स्विच, दोन्ही एकदम लागलेले दिसले तर वायरिंगमध्ये घोळ आहे असं समजून एरर द्या. नेहमी ४० सेकंद लागत असतील तर ६० नंतर थांबवा, एकदा परत प्रयत्न करा, मग बोंब मारा.

वीज

पीसीला यूपीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नका, मोटर कशावर चालणार? मोटर १२ किंवा २४ व्होल्ट डीसी घ्या, तिला स्वतःची बॅटरी, चार्जर कायम लावलेला. यूपीएसवर लक्ष ठेवायला एनयूटी किंवा एपीसीयूपीएसडी हे सॉफ्टवेअर चालवा आणि वीज जाऊन दोन मिनिटं झाली की बंद, बॅटरी संपत येईपर्यंत थांबायचं नाही, म्हातारी बॅटरी शंभर टक्के दाखवते आणि लोड आला की मान टाकते. पीसीच्या बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू व्हायची सेटिंग चालू करा, पण सुरू झाल्यावर छप्पर आपोआप उघडलं नाही पाहिजे, कधीच नाही. ईएसपी३२ च्या काही पिना बूट होताना क्षणभर हाय होतात, तिथे रिले लावला असेल तर दर रीस्टार्टला तो टकटक करणार, तेव्हा पिन बघून निवडा आणि पुल-डाउन रेझिस्टर टाका.

इंटरनेट गेलं म्हणजे लगेच अनसेफ नाही, निर्णय सगळे जागेवरच होतायत. तरी मी अर्ध्या तासानंतर बंद करतो, काही अडकलं तर मला कळणारच नाही ना. अलर्टही उलटे लावा: तिथून "गडबड आहे" असा मेसेज येईल याची वाट बघू नका, तिथून दर पाच मिनिटांनी बाहेरच्या सर्व्हरला पिंग जाऊ दे आणि पिंग चुकला की त्या सर्व्हरने ओरडायचं. आत एक आयपी कॅमेरा असावाच, फक्त त्याचे इन्फ्रारेड एलईडी शूटिंगच्या वेळी बंद ठेवा.

टेस्ट

दिवसा, स्कोपवर कव्हर घालून, सगळं मुद्दाम मोडा. रेन सेन्सरवर पाणी शिंपडा, निना टास्क मॅनेजरमधून मारा, यूएसबी उपटा, मेन स्विच पाडा, लिमिट स्विच हाताने दाबून धरा. स्टॉपवॉच लावून बघा, माउंटला १८० अंश फिरायला सेकंदाला ३ अंशांनी एक मिनिट, छपराला ४० सेकंद, म्हणजे पहिल्या थेंबापासून जवळपास दोन मिनिटं. तेवढ्यात आरसा ओला होतो, म्हणूनच खरं काम क्लाउड सेन्सरने करायचं असतं आणि रेन सेन्सर शेवटचा. कुठलाही ड्रायव्हर किंवा विंडोज अपडेट झाला की हे परत करा.

सेन्सर अधूनमधून पुसा. क्लाउड सेन्सरवर कोळ्याने जाळं केलं तर तो ढग दाखवेल, रात्र वाया जाईल, एवढंच, पण कपॅसिटिव्ह पट्टी गंजली तर ती भिजूनही कोरडी म्हणेल. आणि मेंटेनन्ससाठी सेफ्टीला बायपास द्यायचाच असेल तर साधा स्विच नको, टायमरवाला द्या, दोन तासांनी आपोआप सुटणारा, कारण काम संपवून निघताना तो स्विच परत फिरवायचा राहतोच.