अमोनियम क्षारांतील हायड्रोजन बंध : स्फटिकरचना सोडवताना या चुका टाळा

प्राथमिक अमाइन आणि कार्बोक्झिलिक आम्ल एकत्र विरघळवून स्फटिक मिळाले, की ते क्षाराचेच (म्हणजे आम्लाचा प्रोटॉन अमाइनकडे गेलेल्या आयनिक संयुगाचेच) असणार असे गृहीत धरून नायट्रोजनवर तिसरा हायड्रोजन बसवून टाकणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण पुढचे बंधांचे सारे विवेचन त्याच हायड्रोजनवर उभे राहते. प्रोटॉन खरोखर सरकला आहे का, याची साक्ष आधी जड (हायड्रोजनखेरीजच्या) अणूंकडून घ्यावी. आम्लगटातील दोन्ही कार्बन-ऑक्सिजन अंतरे १.२५ अँगस्ट्रॉमच्या आसपास असतील, तर तो कार्बोक्झिलेट, म्हणजे प्रोटॉन गमावलेला आम्लगट. एक सुमारे १.२१ आणि दुसरे १.३१ असेल, तर प्रोटॉन अजून आम्लावरच आहे. मात्र गटात डिसऑर्डर (अणू एकाहून अधिक जागी विभागलेले) असेल तर ही अंतरे सरासरीने एकसारखी दिसून फसवतात. म्हणून डिफरन्स मॅपही, म्हणजे मोजलेली आणि प्रतिकृतीतून येणारी इलेक्ट्रॉन घनता यांतील फरकाचा नकाशाही, पाहावाच.

हा मॅप कार्बन-नायट्रोजन अक्षाच्या दिशेने पाहिला, तर चांगल्या डेटामध्ये नायट्रोजनभोवती एकमेकांपासून साधारण १२० अंशांवर तीन शिखरे दिसतात. ती न पाहता शेल्क्सएल या रचना-परिष्करणाच्या प्रोग्राममध्ये ‘एफिक्स ३३’ ही आज्ञा देऊन आदर्श भूमितीने हायड्रोजन बसवले, की चेकसीआयएफ ही रचना तपासणारी सेवा ‘दात्याला ग्राही नाही’ (हायड्रोजन धरणाऱ्या अणूसमोर बंध स्वीकारणारा अणू नाही) अशी सूचना देते आणि अनेकजण तिला किरकोळ समजून स्पष्टीकरण लिहून मोकळे होतात. अशा वेळी ‘एफिक्स १३७’ वापरून गट मॅपनुसार फिरू द्यावा; बहुतेकदा सूचना तिथेच नाहीशी होते. तरीही ती राहिली, तर तो हायड्रोजन दोन ग्राहींमध्ये विभागलेला आहे का, हे तपासावे.

क्ष-किरणांना केंद्रक नव्हे, तर इलेक्ट्रॉन घनता दिसते. त्यामुळे नायट्रोजन-हायड्रोजन अंतर सुमारे ०.८९ अँगस्ट्रॉम भरते, तर न्यूट्रॉन विवर्तनात ते १.०३ च्या आसपास येते. या दोन पद्धतींतील हायड्रोजन-ग्राही अंतरे शेजारी ठेवून बंध कमीजास्त बळकट ठरवणे चुकीचे आहे. तुलना नायट्रोजन-ग्राही अंतराचीच करावी. क्लोराइड क्षारांत हे अंतर साधारण ३.१ ते ३.३ अँगस्ट्रॉम असते, त्यामुळे ऑक्सिजन ग्राहीसाठीची अंतराची मर्यादा तिथे लावली तर खरे बंधही हायड्रोजन बंधांच्या तक्त्यातून गळतात.

भूमितीने बसवलेल्या हायड्रोजनच्या अंतरांपुढे कंसात अनिश्चितता छापू नये, आणि ग्राही शेजारच्या असममित एककातील (सममितीने ज्याची पुनरावृत्ती होऊन सारा स्फटिक बनतो त्या भागाच्या दुसऱ्या प्रतीतील) असेल तर तो कोणत्या सममिती क्रियेने मिळतो हे सांगणारा सममिती संकेत तक्त्यात अवश्य द्यावा.