लोकल सीएसएमटीला थांबेना: जावात फाइल वाचता-लिहिताना या चुका टाळा

प्रॅक्टिकल परीक्षेची तारीख लागली की आमच्या दादरच्या संध्याकाळच्या जावा प्रोग्रॅमिंगच्या बॅचमध्ये एकच वाक्य कानावर येत राहतं: "सर, काल चालत होतं." चालत असेलही. टेक्स्ट फाइलचा प्रोग्रॅम चुकला तरी चालतो, हीच त्यातली खोच आहे. कंपाइल होतो, लाल अक्षरात काही येत नाही आणि फाइलीत भलतंच पडलेलं असतं. ते बघायला फाइल उघडावी लागते आणि नेमका तेवढ्याचाच पोरांना कंटाळा.

अर्धी स्टेशनं गायब

मी सुरुवातीलाच सगळ्यांना एक फाइल देतो: मध्य रेल्वेची स्लो लोकल, एका ओळीत एक स्टेशन. सीएसएमटी, मस्जिद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर, माटुंगा. वाचा आणि स्क्रीनवर छापा, बस. निम्म्या वर्गाच्या स्क्रीनवर गाडी मस्जिदहून सुटते, मग भायखळा, करी रोड, दादर, आणि दादरच्या पुढचं स्टेशन "नल".

व्हाइल लूपच्या कंसात रीडलाइन (एक ओळ वाचून देणारं मेथड) नल, म्हणजे "ओळ उरली नाही", तर देत नाही ना हे तपासलेलं असतं, आणि आत छापताना पुन्हा रीडलाइन बोलावलेलं असतं. रीडलाइन नुसतं डोकावून बघत नाही, दर वेळी एक ओळ खर्ची टाकतं. कंसातल्या ओळीची तपासणी झाली आणि ती गेली, छापली गेली ती तिच्या पाठची. फाइलीत सम संख्येनं ओळी असत्या तर शेवटचा नलसुद्धा आला नसता. म्हणून ती फाइल मी मुद्दाम ९ ओळींची ठेवतो.

ओळ एका व्हेरिएबलमध्ये कंसातच घ्या आणि तेच व्हेरिएबल छापा, झालं. माझी स्वतःची सवय याहून आळशी आहे: फाइल्स.रीडऑललाइन्स म्हणायचं, सगळ्या ओळी लिस्टमध्ये घ्यायच्या आणि साधा फॉर फिरवायचा. यावर हमखास एक हात वर येतो, "पण सर, मोठी फाइल असली तर मेमरी?" अरे बाबा, तुझी फाइल ९ ओळींची आहे. खरंच मोठी फाइल हाती येईल तेव्हा फाइल्स.लाइन्स शिका आणि ते ट्रायच्या कंसात उघडा, नाहीतर फाइल मागे उघडीच राहते.

"सर, फाइल रिकामी झाली"

फाइलरायटर फाइल उघडतो त्याच क्षणी जुना मजकूर पुसला जातो. तुम्ही एक अक्षरही लिहिलं नाहीत तरी. मागे जोडायचं असेल तर दुसरं आर्ग्युमेंट ट्रू द्यायचं. हे एकदा हात पोळल्यावर सगळ्यांच्या लक्षात राहतं.

लक्षात राहत नाही ती याचीच धाकटी बहीण: एकाच फाइलवर एका हातानं रीडर आणि दुसऱ्या हातानं रायटर उघडायचा, "वाचत वाचत बदलतो" म्हणून. रीडरनं पहिली ओळ मागेपर्यंत फाइल शून्य बाइटांची झालेली असते. मी नेहमी शेजारी वेगळ्या नावाची फाइल लिहितो, ती उघडून डोळ्यांनी बघतो, मगच फाइल्स.मूव्हला रिप्लेसएक्झिस्टिंग सांगून जुन्याच्या जागी नेतो. दोन ओळी जास्त लागतात. ज्यांना त्या दोन ओळी जड होतात त्यांनी निदान फाइलीची कॉपी काढून ठेवावी.

फाइल रिकामी राहण्याचं तिसरं कारण म्हणजे क्लोज न करणं. लिहिलेलं आधी बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, साठतं. बफर्डरायटरचा बफर ठरलेला ८१९२ अक्षरांचा असतो. तुमचा मजकूर त्याहून लहान असेल तर फाइल कोरी, मोठा असेल तर शेपूट तुटलेलं. २०११ च्या जावा ७ पासून ट्रायच्या कंसातच रायटर उघडायची सोय आहे, बाहेर पडताना तो आपोआप बंद होतो. तरी जर्नलांमध्ये अजून फायनली, त्यात क्लोज आणि त्या क्लोजभोवती आणखी एक ट्राय, असं वर्षानुवर्षं उतरवलं जातंय.

यांच्यावर जास्त बोलायची माझी तयारी नाही

कॅच, म्हणजे चूक पकडणारा भाग, रिकामा ठेवू नका. निदान चूक कुठं झाली ते छापणारं प्रिंटस्टॅकट्रेस तरी लिहा. "एरर येत होता म्हणून कॅच टाकला" हे ऐकून आता माझं डोकं फिरतं.

विंडोजचा पाथ लिहिताना बॅकस्लॅश दोनदा द्या. एकच दिला आणि फोल्डरचं नाव एनपासून सुरू होत असेल तर जावा तिथं नवी ओळ समजतो, टीपासून असेल तर टॅब. साधा पुढचा स्लॅश दिला तर ही कटकटच नाही, विंडोजवरही चालतो.

"फाइल इथंच आहे, पण सापडत नाही म्हणतो": तुमचं "इथंच" आणि जावाचं "इथंच" वेगळं असतं. यूजर डॉट डिर ही प्रॉपर्टी छापून बघा, जावाचं "इथंच" म्हणजे कुठलं फोल्डर ते कळेल. आणि विंडोजनं एक्स्टेन्शन लपवलेलं असेल तर तुमची फाइल टीएक्सटी डॉट टीएक्सटी झालेली असू शकते.

एकेक अक्षर वाचणारं रीड हे मेथड इंट, म्हणजे पूर्णांक, देतं आणि फाइल संपली की -१. ते कॅरमध्ये, म्हणजे एका अक्षराच्या व्हेरिएबलमध्ये, भरून -१ शी ताडलंत तर लूप कधीच थांबत नाही, कारण कॅर ऋण नसतो. त्या लूपमध्ये फाइल लिहीत असाल तर डिस्क भरेपर्यंत वाट बघा.

प्रिंटरायटर लिहिताना आलेली अडचण तोंडानं सांगत नाही, चेकएरर विचारावं लागतं.

कदम शाबूत, सुर्वे गायब

आता ज्या चुकीसाठी हे लिहायला बसलो ती.

आमच्या बॅचमधून बाहेर पडलेल्या एका मुलाला गिरगावातल्या एका पतपेढीचं छोटं काम मिळालं. सभासदांची यादी टेक्स्ट फाइलीत होती. तिच्यात नवे सभासद घालून ती पुन्हा लिहायची, म्हणजे वार्षिक सभेच्या नोटिसांवर चिकटवायला लेबलं छापता येतील. त्याच्या लॅपटॉपवर लिनक्स, तिथं सगळं झकास. पतपेढीच्या कॉम्प्युटरवर विंडोज आणि जावा ८. तिथं प्रोग्रॅम चालवला, वरची चार आडनावं बघितली: कदम, पवार, सावंत, मोरे. चहा घेतला आणि निघाला.

लेबलं छापल्यावर फोन आला. कदम, पवार, जाधव, शिंदे ठणठणीत. सुर्वे, म्हात्रे, गुरव, झगडे यांच्या आडनावांत काळा हिरा, आणि त्याला लागून प्रश्नचिन्ह.

झालं होतं असं. फाइल कोणत्या एन्कोडिंगनं, म्हणजे बाइटांवरून अक्षरं ओळखायच्या कोणत्या तक्त्यानं, वाचायची हे त्यानं फाइलरीडरला सांगितलंच नव्हतं. जावा १७ पर्यंत, न सांगितल्यास, ते मशीनच्या मर्जीवर असे. त्या कॉम्प्युटरची मर्जी होती विंडोज-१२५२, म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांचा तक्ता, एका बाइटला एक अक्षर. यादी होती यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, आणि त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. रीडरनं 'क'चे तीन बाइट तीन परकी अक्षरं म्हणून वाचले. रायटरनं ती तीन अक्षरं त्याच तक्त्यानं पुन्हा तीन बाइट म्हणून लिहिली. दोन चुकांनी एकमेकींना झाकून घेतलं, म्हणून कदम कदमच राहिले.

पण त्या तक्त्यात पाच घरं रिकामी आहेत. हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांत, ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आणि आपल्या ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट आहे ८१. पाय मोडायच्या चिन्हाचा ८डी. 'झ'चा ९डी. हे बाइट आले की जावा वाचताना "कळलं नाही" असं चिन्ह ठेवतो आणि लिहिताना त्याच्या जागी प्रश्नचिन्ह टाकतो. म्हणजे जोडाक्षर, ऱ्हस्व उकार किंवा 'झ' असलेला प्रत्येक सभासद जायबंदी.

बरं, दुरुस्त करावं म्हटलं तर तेही होईना. ऱ्हस्व उकार आणि पाय मोडायचं चिन्ह यांचे पहिले दोन बाइट सारखेच असतात. तिसरा गेल्यावर त्या जागी कोण होतं हे कुठलाही प्रोग्रॅम सांगू शकत नाही. मूळ फाइल त्याच नावानं लिहिल्यामुळे तीही गेलेली. शेवटी पतपेढीतल्या बाईंनी कपाटातलं रजिस्टर काढलं आणि एकेक नाव वाचून दाखवलं, हा टाइप करत बसला. मला चुकीचा तितका राग आला नाही, फोनवरच्या वाक्याचा आला: "सर, पण बहुतेक नावं बरोबर आलीत."

मार्च २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून, न सांगितल्यास यूटीएफ-८ धरलं जातं. "मग आता कशाला लिहायचं?" असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर एकच: तुमचा कोड कुठल्या ऑफिसातल्या कुठल्या जावासमोर उभा राहणार आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं. वाचताना आणि लिहिताना, दोन्हीकडे, स्टँडर्डचारसेट्सचं यूटीएफ-८ नाव घेऊन लिहा. फाइलरीडरला ते जावा ११ पासून देता येतं. जुन्या जावावर अडकला असाल तर फाइल्स.न्यूबफर्डरीडर वापरा. तो यूटीएफ-८च धरतो आणि बाइट बिघडलेले दिसले तर मालफॉर्म्डइनपुटएक्सेप्शन फेकतो. मुलांना हा एक्सेप्शन फार छळतो. मला तो आवडतो, कारण तो पहिल्याच वाईट ओळीला आरडाओरडा करतो. फाइलरीडर गुपचूप काळे हिरे पेरत जातो.

रोग ओळखायची माझी पद्धत अशी. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि त्याच्या मागे एक गोल चलनचिन्ह किंवा येनचं चिन्ह, अशी माळ दिसली तर फाइल बहुधा चांगली आहे, वाचणारा चुकतोय. घाबरू नका, आणि सेव्ह तर अजिबात करू नका. नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर फाइलीची साइज बघा: 'कदम' ९ बाइटांचा असला पाहिजे. ३ भरला तर मजकूर गेला. ९ भरला तर फाइल ठीक आहे, स्क्रीनवरचा कन्सोल देवनागरी दाखवत नाही एवढंच. कन्सोलवर बघून फाइलीचं निदान करणारे फार आहेत.

दिसायला सारखं, तरी वेगळं

दोन फाइली ताडताना स्ट्रिंगला == लावू नका, इक्वल्स वापरा. हे सगळ्यांना पाठ असतं आणि तरी प्रत्येक बॅचला दिसतं. फाइल या क्लासचं इक्वल्स तर मजकूर बघतच नाही, फक्त पाथ बघतं, त्यामुळे दोन वेगवेगळ्या नावांच्या फाइली कितीही तंतोतंत असल्या तरी उत्तर फॉल्सच.

दोन्हीकडून रीडलाइन घेत एकच व्हाइल फिरवलात, तर लहान फाइल संपली की लूप संपतो आणि मोठीच्या उरलेल्या ओळी कुणी बघत नाही. दोन्ही लिस्टमध्ये घ्या आणि लिस्टवरच इक्वल्स लावा. हॅशसेटचा शॉर्टकट मारणाऱ्यांनी लक्षात ठेवा, एक नाव दोनदा आलेलं तिथं एकदाच उरतं आणि क्रम तर जातोच.

"फक्त पहिलीच ओळ वेगळी म्हणतोय" अशी तक्रार आली की मी कोड न बघता सांगतो, बीओएम, म्हणजे फाइलीच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण. विंडोजचं जुनं नोटपॅड यूटीएफ-८ फाइलीच्या तोंडाशी तीन अदृश्य बाइट ठेवायचं. जावा ते काढत नाही, ट्रिम आणि स्ट्रिपही काढत नाहीत, स्वतः काढावे लागतात. "सगळ्याच ओळी वेगळ्या" असं असेल तर फाइल विंडोजची आहे आणि तुम्ही ती बॅकस्लॅश एनवर, म्हणजे नव्या ओळीच्या खुणेवर, तोडलीय, त्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी विंडोजची जादा खूण, कॅरेज रिटर्न, लोंबतंय. रीडलाइन किंवा जावा ११ चं लाइन्स वापरलंत तर हा प्रश्नच येत नाही.

मराठी याद्यांची खास अडचण मात्र वेगळीच आहे: कुऱ्हाडे. हा 'ऱ्ह' तीन तऱ्हांनी टाइप होतो. एक, सुटा 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडून. दोन, साधा 'र', त्याखाली नुक्ता, मग पाय मोडून. तीन, साधा 'र', पाय मोडायचं चिन्ह आणि त्यामागे न दिसणारा जोडक. कागदावर तिन्ही कुऱ्हाडे हुबेहूब, इक्वल्सच्या लेखी तिघे वेगळे सभासद. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणाऱ्या नॉर्मलायझरला एनएफसी हा प्रकार सांगितला की पहिले दोन एक होतात. तिसरा तसाच राहतो, त्याला रिप्लेसनं हातानं वळणावर आणावं लागतं. म्हणून ताडण्याआधी प्रत्येक ओळ मी एकाच छोट्या मेथडमधून काढतो: बीओएम काढ, एनएफसी कर, तिसरा 'ऱ्' पहिल्यात बदल, मग स्ट्रिप. मूळ फाइलीला हात लावत नाही, ही सफाई फक्त तुलनेपुरती.

बाइटागणिक सारख्या आहेत का एवढंच हवं असेल तर जावा १२ पासून फाइल्स.मिसमॅच आहे. सारख्या असतील तर -१, नाहीतर पहिला फरक कितव्या बाइटवर आहे ते, शून्यापासून मोजून.

आणि मधेच एक ओळ घुसल्यावर खालच्या सगळ्या ओळी "वेगळ्या" दिसायला लागल्या तर ओळ-ओळ ताडणारा लूप तिथं उपयोगाचा नाही. त्याला दोन्ही फाइलींतला सर्वांत लांब सामायिक क्रम शोधावा लागतो. हंट आणि बेल लॅब्जमधले मॅकइलरॉय यांनी १९७६ साली डिफ या फाइली ताडणाऱ्या प्रोग्रॅमसाठी त्याची रीत लिहून ठेवलीय. परीक्षेच्या आदल्या रात्री ती जावात उतरवायला बसू नका. लिनक्सवर डिफ, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर एफसी, दोन्ही तयार आहेत.