नेत्रावळीच्या रानात जायचं असेल तर

पाऊस सुरू झाला की आमच्या फोंड्याच्या बायकांच्या गटात एकच विषय असतो. "ताई, मैनापीला कधी नेताय?" मैनापी म्हणजे दक्षिण गोव्यातल्या नेत्रावळीच्या रानातला धबधबा. मी सांगते, दसरा होऊ दे.

जून ते सप्टेंबर ही वाट नकोच. मैनापीला जाताना ओढे ओलांडावे लागतात. तुमच्या डोक्यावर ऊन असतं, आणि वर घाटात कोसळलेला पाऊस तेवढ्यात खाली येतो. पावसाळ्यात वनखातं धबधब्यांवर बंदी घालतं, ती याच कारणासाठी. बंदी असली तर परत फिरायचं, ओळखीपाळखी काढायच्या नाहीत. ऑक्टोबरअखेर ते जानेवारी हे खरे दिवस. तेव्हा पाणी असतं, रान हिरवं असतं आणि वाटेवरचा चिखल वाळलेला असतो.

तरीही ओढ्यात उतरण्यापूर्वी दोन मिनिटं काठावर उभं राहून नुसतं पाणी बघा. तळाचे गोटे स्वच्छ दिसत असतील तर उतरा. नितळ पाणी अचानक लालसर झालं, काटक्या-पाला वाहत येऊ लागला, की असाल त्या काठावर थांबा आणि उंचावर चढा. पाणी ओसरेपर्यंत दोन तास गेले तरी जाऊ देत.

मडगावहून केपें, तिळामळ, रिवण असं यायचं. रिवणच्या पुढे कुशावतीच्या काठी पणसायमळची कातळशिल्पं आहेत. जांभ्यात कोरलेले बैल, मोर आणि तो गोल गोल चक्रव्यूह बघितल्याशिवाय मी कोणाला पुढे नेत नाही. सकाळचं तिरपं ऊन असताना रेषा नीट उठून दिसतात. शिल्पांवर पाय देऊ नका, खडूने रेषा गिरवू नका. नेत्रावळीत पोचलात की गोपीनाथाच्या देवळाजवळ बुडबुड्यांची तळी आहे. टाळ्या वाजवल्या की बुडबुडे वाढतात असं गावात सांगतात. वाजवून बघा.

आता मुक्कामाचं. नेत्रावळी हे 1999 साली जाहीर झालेलं, 211 चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे. आत जायला वनखात्याची परवानगी लागते आणि वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही. मला विचाराल तर दिवसा रान चालावं आणि रात्री गावात झोपावं. वेर्लेसारख्या डोंगरातल्या गावात राहण्या-जेवणाची सोय होते, फक्त आधी कळवून जायचं. तंबूचीच हौस असेल तर घरच्या काकींना विचारून अंगणात लावा. माडाखाली किंवा सुक्या फांदीखाली नको, आणि ओढ्याच्या पात्रातली सपाट वाळू कितीही मोहात पाडो, तिथे तर मुळीच नको. नोव्हेंबरात पहाटे इतकं दंव पडतं की वरचं कापड ओलंचिंब होतं. म्हणून तंबूवर एक जादा ताडपत्री हवीच. जेवायला उकड्या तांदळाची पेज, लोणचं आणि सोलकढी मिळाली की बाहेरून पाकिटं आणायची गरजच काय?

रानात शेकोटी पेटवू नका. 2023 च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले, ते विझवायला किती दिवस गेले हे आपण गोव्यातल्यांनी पाहिलं आहे. ते आठवलं की आजही पोटात कालवतं.

पहिल्यांदा येणाऱ्यांनी सावरी धबधबा करावा, त्याची वाट आखूड आहे. मैनापीला चढउतार जास्त, म्हणून सकाळी लवकर निघून उन्हं कलायच्या आत बाहेर पडायचं. सोबत गावातला वाटाड्या घ्या. त्याला वाट माहीत असते, आणि गवा कुठे चरतो तेही. गवा दिसला तर ओरडू नका, फोटोसाठी पुढे सरकू नका. जागच्या जागी थांबा, त्याला जाऊ द्या. झाडाच्या शेंड्यावर पानांचा मोठा गोळा दिसला तर ते शेकरूचं घरटं.

बूट खाचांच्या रबरी तळव्याचे हवेत. शेवाळलेल्या कातळावर गुळगुळीत तळवा टिकत नाही. जीन्स नको, भिजली की जड होते. ओल टिकून असेतो जळवा असतात. त्या ओढून काढू नका. नख त्वचेला टेकवून तिच्या बारक्या टोकाकडून सरकवा, की पकड सुटते. मग दुसरं टोकही तसंच सोडवा. रक्त थोडा वेळ वाहतं. धुऊन कापूस दाबून धरा.

कोरड्या दिवसांत गोचिडींचं भान ठेवा. उत्तर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात 2015 पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत, आणि तो ताप गोचिडींमुळेच येतो. पाचोळ्यावर बसू नका. परत आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, आंघोळ करताना काखा, गुडघ्यामागची जागा, केसांची मुळं तपासा. रानातून आल्यावर आठ-दहा दिवसांत ताप भरला, डोकं दुखू लागलं, तर घरी गोळ्या खात बसू नका. डॉक्टरांकडे जा आणि कुठल्या रानात, कधी गेला होता ते आधी सांगा.