बाळाच्या घामोळ्या जात नाहीयेत? आधी या चुका बंद करा

माझी मुलगी एप्रिलात झाली, अकोल्याला माहेरी, आणि महिन्याभरात तिच्या मानेवर-पाठीवर बारीक लाल पुरळ उठलं. मग घरातल्या प्रत्येकाने आपला एकेक उपाय केला आणि पुरळ पार पोटापर्यंत गेलं 😅

पहिली गोष्ट पावडर. दर दोन तासांनी थापायचो आम्ही. एक दिवस अंघोळीला मानेची वळी उघडून बघितली तर आत पावडर, घाम आणि ओघळलेलं दूध मिळून कणकेसारख्या बारीक गोळ्या झालेल्या, आणि खाली कातडी लालबुंद. घामाची छिद्रं बुजतात म्हणून तर घामोळं येतं, त्यावर आपण अजून लिंपतोय. शिवाय पावडर उडून बाळाच्या श्वासात जाते ते वेगळंच. आणि मोठ्यांची ती गारगार पावडर तर अजिबात नको, काहींमध्ये कापूर असतो आणि तो लहान बाळांना विषारी ठरू शकतो.

तेलाचंही तेच. मालिशवाल्या मावशी ऐकायच्या नाहीत, पण पुरळ असेपर्यंत तेल, साय, जाड क्रीम सगळं बंद ठेवा. डाळीच्या पिठाने चोळणं तर नकोच, घामोळ्या घासून जात नाहीत, उलट सोलवटतात. साधं कोमट पाणी, साबण लावलाच तर अगदी थोडा, आणि मऊ सुती कापडाने टिपून घ्यायचं, वळ्यांमध्ये सुद्धा. मग दहा-पंधरा मिनिटं उघडंच राहू द्या.

इथेच आईचं सुरू व्हायचं, "अगं, वारं लागेल तिला!" आणि मे महिन्यात टोपडं, झबलं, वरून दुपट्यात गच्च गुंडाळलेलं बाळ. हातपाय गार लागतात म्हणून आपण पांघरूण वाढवतो, पण लहान बाळांचे हातपाय गारच असतात हो, छातीला नाहीतर मानेच्या मागे हात लावून बघा, तिथे घाम असेल तर एक कपडा कमी करा. पंखा लावा, फक्त कूलरचा झोत थेट अंगावर नको. आणि मुंबई-कोकणात कूलर घेऊच नका, हवा आधीच दमट, त्यात अजून ओल.

एवढं करूनही पाठीवरचं पुरळ जात नसेल तर गादीवरचं प्लास्टिक बघा. आमच्याकडे तेच निघालं, सू गादीत जाऊ नये म्हणून टाकलेलं, त्यावर पातळशी चादर, म्हणजे पाठीला हवाच नाही. जाड सुती घडी घातली आणि दोन-तीन दिवसांत पाठ साफ. कंबरेला पुरळ असेल तर डायपर सैल करा, घरी असताना काढूनच ठेवा.

मेडिकलवाल्याला फोटो दाखवून ट्यूब आणू नका प्लीज, बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं आणि बाळाची कातडी ते पटकन ओढून घेते. कॅलामाइन लावायचं तरी आधी डॉक्टरांना विचारून. पुरळात पू दिसला, लाली पसरत चालली, सूज आली किंवा बाळ नीट पीत नसेल तर घरचे प्रयोग थांबवून दवाखाना गाठा, आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 किंवा त्यावर ताप असेल तर सकाळची वाट बघू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.