इन्फ्रारेड फोटोच्या मधोमध पांढरट गोल डाग यायचा, तो असा गेला

गोकाक धबधब्याखाली घटप्रभेनं कोरलेली वालुकाश्माची घळ ७२० नॅनोमीटर फिल्टर (जवळजवळ फक्त इन्फ्रारेड आत सोडणारा) लावून काढत होतो आणि प्रत्येक फोटोत बरोबर मध्ये फिकट गोल डाग. फिल्टर पुसला, व्ह्यूफाइंडर झाकला, हूड लावला, एडिटिंगमध्ये मधला भाग काळा केला, काही उपयोग नाही, डोकं पार फिरलं.

डाग लेन्सचा असतो, इन्फ्रारेड किरण लेन्सच्या आत परावर्तित होतात आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं भोक) जितकं बारीक तितका तो ठळक. आणि खडक जवळचे-लांबचे सगळे शार्प हवेत म्हणून आपण एफ/१६ वरच, म्हणजे बारीक अ‍ॅपर्चरवरच असतो ना!

तर आधी ट्रायपॉड, मॅन्युअल मोड, अ‍ॅपर्चर एफ/५.६ (एफ/१६ पेक्षा मोठं भोक), मग फिल्टर लावूनच लाइव्ह व्ह्यूमध्ये झूम करून जवळच्या खडकावर मॅन्युअल फोकस (फिल्टरशिवाय केलेला फोकस इन्फ्रारेडमध्ये सरकतो), एक फ्रेम, मग मधल्या कड्यावर, मग पलीकडच्या काठावर, एक्सपोजर तिन्हीला तेच. घरी तिन्ही अलाइन करून फोकस स्टॅक, म्हणजे प्रत्येकातला शार्प भाग घेऊन एकच फोटो. एफ/१६ पेक्षा शटरला वेळ आठपट कमी लागतो त्यामुळं झुडपंपण कमी हलतात. तरी डाग दिसलाच तर लेन्स बदला, काही लेन्स पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरलाही सुधारत नाहीत.