प्रत्येक ‘च’ला ‘ओन्ली’ लावू नका: या चुका टाळा

‘आय विल डू इट टुडे ओन्ली.’ ‘ही इज माय ब्रदर ओन्ली.’ मुलाखतीत, ऑफिसच्या मेलमध्ये अशी वाक्यं सर्रास येतात. आपल्या माणसांना ती बरोबर कळतात. परदेशातला माणूस मात्र दुसऱ्या वाक्याशी अडखळतो: नुसता भाऊच? आणखी कोण असायला हवा होता?

मनात मराठीचा ‘च’ असतो. तो शब्दामागे येतो, म्हणून ‘ओन्ली’ही मागे जातं. पण ‘च’ अनेक कामं करतो आणि ‘ओन्ली’ मुख्यतः ‘एवढंच, बाकी नाही’ इतकंच सांगतं. तेव्हा आधी आपला ‘च’ कोणता ते पाहा. ‘तो येणारच’ यात खात्री आहे: ‘ही विल डेफिनेटली कम’. ‘हेच ते घर’ यात ओळख पटवली आहे: ‘धिस इज द व्हेरी हाउस’. ‘आजच करते’ म्हणताना तर काहीच जोडायला नको, ‘टुडे’वर आवाजाचा जोर पुरतो. ‘मी आजच आलो’ला मात्र ‘ओन्ली’ चालतं, कारण अर्थ ‘त्याआधी नाही’ असा आहे. फक्त ते क्रियापदाआधी घ्या: ‘आय ओन्ली केम टुडे’.

जागा बदलली की अर्थही बदलतो. ‘ओन्ली सीमा कॉल्ड मी’ म्हणजे फोन एकट्या सीमाचा आला. ‘सीमा कॉल्ड ओन्ली मी’ म्हणजे तिने एकट्या मलाच केला. बोलताना इंग्रज लोकही ‘ओन्ली’ क्रियापदाआधी टाकून बाकीचं आवाजावर सोडतात, त्याला चूक म्हणू नये. पण करारात, औषधाच्या सूचनेत आवाज नसतो. तिथे ते ज्या शब्दाबद्दल आहे त्याला खेटूनच लिहा: ‘टेक ओन्ली वन टॅब्लेट’.

‘स्टाफ ओन्ली’ या पाटीत ते शेवटी येतं, ते योग्यच. चेकवरचं ‘रुपीज फाइव्ह हंड्रेड ओन्ली’ही योग्य, पुढे कोणी शब्द वाढवून रक्कम फुगवू नये म्हणून ते तिथे असतं.

परीक्षेत हमखास मार्क जातात ते वाक्यारंभी. ‘ओन्ली देन आय अंडरस्टुड’ चूक, ‘ओन्ली देन डिड आय अंडरस्टँड’ बरोबर. मात्र ‘ओन्ली’ कर्त्यालाच लागलं असेल, तर ही उलटापालट करायची नाही: ‘ओन्ली रमेश केम’.